क्लॅनची सुरुवात आणि पुलास्कीचा पेपर

कु क्लक्स क्लॅन, म्हणजे काळ्यांवर हल्ले करणारी अमेरिकेतल्या गोऱ्यांची गुप्त टोळी, दक्षिणी सैन्यातल्या जनरल फॉरेस्टने काढली हे अजूनही लोक बिनधास्त ठोकून देतात. नाही हो! अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, त्यानंतर वर्षभरात टेनेसी राज्यातल्या पुलास्की नावाच्या छोट्या गावात हरलेल्या दक्षिणी सैन्यातल्या सहा जणांनी ती काढली, फॉरेस्ट नंतर आला आणि म्होरक्या म्हणून त्याचंच नाव गाजलं.

दुसरी थाप जास्त चिवट आहे, की गावच्या पेपरला याचा पत्ताच नव्हता. 1867 च्या मार्चमध्ये ‘पुलास्की सिटिझन’ने छापलं की ऑफिसच्या दाराखाली एक गूढ नोटीस सापडली, याचा अर्थ काय बुवा? आता गंमत बघा, त्या सहा जणांपैकी फ्रँक मॅकॉर्ड हा याच पेपरचा संपादक, म्हणजे स्वतःच्याच टोळीची नोटीस छापून वर साळसूदपणे वाचकांना विचारतोय! क्लॅनची नियमावलीसुद्धा याच छापखान्यात छापली गेली. फुकटची जाहिरात, दुसरं काय.

‘पोरांची नुसती मस्करी होती’ हेही ऐकू येतं, पण त्या नोटिशीच्या महिनाभर आधीच, फेब्रुवारीत, टेनेसीत काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता आणि पुढच्या वर्षी तिथे मुखवटेवाले रात्री घरात घुसून त्यांना मारत होते.