रॉ फाइलचं अचूक एक्स्पोजर आणि प्रकाशाचं वर्गमूळ

“रॉमध्ये काढ, एक्स्पोजर नंतर बघू.” लग्नाच्या मंडपापासून पक्षी टिपायला जाणाऱ्यांच्या गाडीपर्यंत हा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने नोंदलेले आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या फाइलमध्ये, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती), कॉन्ट्रास्ट, रंगांचा भडकपणा, शार्पनेस हे सगळं खरोखरच नंतर ठरवता येतं. एक्स्पोजर मात्र नंतर ठरत नाही. शटर बंद झालं की सेन्सरवर किती प्रकाश पडला याचा निकाल लागलेला असतो. सॉफ्टवेअरमधला ‘एक्स्पोजर’ नावाचा स्लायडर प्रकाशात भर घालत नाही, नोंदलेल्या आकड्यांना फक्त गुणतो किंवा भागतो.

म्हणून रॉसाठी अचूक एक्स्पोजरची व्याख्या वेगळी करावी लागते. दृश्यातला जो सर्वांत उजळ भाग आपल्याला जपायचा आहे, तो पिक्सेलच्या क्षमतेत बसला पाहिजे. ही एक अट पाळून जितका जास्त प्रकाश आत घेता येईल तितका घ्यायचा. मागच्या स्क्रीनवर फोटो छान दिसतो की फिकट, याचा या व्याख्येशी काहीही संबंध नाही.

जास्तीत जास्त प्रकाश कशासाठी? याचं उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे, आणि या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे.

प्रकाश फोटॉनांच्या रूपात येतो. सेन्सरच्या सिलिकॉनमध्ये शोषला गेलेला प्रत्येक फोटॉन एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि पिक्सेल हे इलेक्ट्रॉन साठवतो. शटर बंद झाल्यावर त्यांची मोजदाद होते. पण फोटॉन रांगेत, ठरावीक अंतराने येत नाहीत. पत्र्याच्या छपरावर शेजारशेजारच्या दोन सारख्या पत्र्यांवर एका सेकंदात पडलेले पावसाचे थेंब मोजले, तर सर एकच असूनही दोन आकडे सहसा वेगळे येतील. फोटॉनांचं तसंच आहे. एकसारख्या उजळलेल्या भिंतीचा फोटो काढला तरी शेजारशेजारच्या पिक्सेलांत इलेक्ट्रॉन कमीजास्त भरतात. हा फरक किती असेल, याचं गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या १८३७ सालच्या संभाव्यतेवरच्या कामातून येतं. सरासरी इलेक्ट्रॉन ‘न’ असतील, तर चढउतार ‘न’च्या वर्गमुळाएवढा. वाल्टर शॉट्की यांनी १९१८मध्ये व्हॅक्यूम ट्यूबमधल्या विद्युत्प्रवाहात असाच गोंगाट दाखवून दिला, म्हणून त्याला ‘शॉट नॉइज’ म्हणतात.

आता आकडे मांडू. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो. त्यात मूळ आयएसओला (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेच्या सर्वांत खालच्या खऱ्या पायरीला) ६४,००० इलेक्ट्रॉन मावतात असं धरू. आजच्या सेन्सरांसाठी हा आकडा वास्तवाला धरून आहे. पूर्ण भरलेल्या पिक्सेलमध्ये चढउतार ६४,०००चं वर्गमूळ, म्हणजे २५३. सिग्नलच्या मानाने अर्ध्या टक्क्याहूनही कमी, डोळ्याला न जाणवणारा. त्याच्या ३ स्टॉप खाली (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) ८,००० इलेक्ट्रॉन, चढउतार ८९, म्हणजे सुमारे १.१ टक्के. आणखी ३ स्टॉप खाली १,००० इलेक्ट्रॉन, चढउतार ३२, म्हणजे ३ टक्के. आणखी ३ खाली, गडद सावलीत, १२५ इलेक्ट्रॉन आणि चढउतार ११, म्हणजे ९ टक्के. इथे दाणे दिसू लागतात.

हाच फोटो २ स्टॉप अंडर, म्हणजे पाव प्रकाशात, काढला तर त्या सावलीत ३१ इलेक्ट्रॉन उरतात. त्यात सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा, साधारण ३ इलेक्ट्रॉनांचा, ‘रीड नॉइज’ मिसळतो. चढउतार होतो ६.३, म्हणजे सिग्नलच्या २० टक्के. सॉफ्टवेअरमध्ये हा भाग चौपट उजळ केला की सिग्नल चौपट होतो आणि गोंगाटही चौपट. गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. नॉइज काढणारी नवी एआय साधनं इथे चमत्कार केल्याचा दावा करतात. प्रत्यक्षात ती शिकलेल्या नमुन्यांवरून तपशिलाचा अंदाज बांधतात. न आलेले फोटॉन ती आणू शकत नाहीत. पक्ष्याच्या पिसाचा पोत त्यांनी रचला की खरोखर टिपला गेला, हे मग फोटोवरून सांगता येत नाही.

इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा. १४-बिट फाइलमध्ये उजळपणा नोंदायला १६,३८४ पातळ्या असतात. त्यातल्या निम्म्या, ८,१९२, सर्वांत वरच्या स्टॉपमध्ये, पुढच्यात ४,०९६, असं करत तळाशी मूठभर उरतात. ‘म्हणून एक्स्पोजर उजवीकडे ढकला’ (हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजळपणाच्या आलेखाच्या, उजळ बाजूला) असं स्पष्टीकरण दोन दशकं फिरतं आहे. निष्कर्ष बहुतेक वेळा बरोबर, पण कारण चुकीचं. वरच्या उदाहरणात एक पातळी म्हणजे सुमारे ४ इलेक्ट्रॉन. पूर्ण भरलेल्या पिक्सेलमधला चढउतार २५३ इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे जवळपास ६५ पातळ्यांचा. आकडाच ६५ पातळ्यांनी हलतो आहे, तिथे एकेका पातळीच्या बारकाव्याचा उपयोग नाही. १२५ इलेक्ट्रॉनांच्या सावलीतही चढउतार सुमारे ३ पातळ्यांचा आहे. म्हणजे पातळ्या कुठेच अपुऱ्या पडत नाहीत, फोटॉन अपुरे पडतात. हा फरक केवळ शब्दांचा नाही. पातळ्यांचं स्पष्टीकरण खरं मानणारा माणूस आयएसओ वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे नेतो आणि काहीतरी कमावल्याच्या समजात राहतो. त्याकडे पुढे येऊ.

वरच्या बाजूला मात्र कडक भिंत आहे. फिल्मवर उजळ भाग हळूहळू दाटत जायचे. सेन्सर शेवटपर्यंत सरळ रेषेत मोजतो आणि भरला की थांबतो. १४-बिट कॅमेऱ्यात तो आकडा १६,३८३ किंवा त्याच्या थोडा खाली असतो. त्यापुढचा तपशील उडाला तो उडाला. एकच रंग उडाला असेल तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोनांवरून अंदाज करू शकतं. तिन्ही उडाले की फक्त कोरा पांढरा.

आता कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम. बहुतेक कॅमेऱ्यांत तो रॉ फाइलचा नसतो. कॅमेरा आतल्या आत एक जेपेग तयार करतो आणि त्याचा हिस्टोग्राम दाखवतो. ‘हायलाइट उडाले’ म्हणून लुकलुकणारे भागही त्या जेपेगचे. जेपेग होताना आकड्यांवर व्हाइट बॅलन्सचे गुणक लागतात. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत प्रत्येक चार पिक्सेलांवर दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा गाळक असतो. उन्हात पांढरं कापड टिपलं की हिरवा पिक्सेल सर्वांत जास्त भरतो. लाल साधारण त्याच्या निम्मा, निळा सुमारे दोनतृतीयांश. हे समान करायला कॅमेरा लालला साधारण २ने आणि निळ्याला १.५ने गुणतो, नेमके आकडे कॅमेऱ्यागणिक बदलतात. म्हणजे स्क्रीनवर लाल रंग ‘उडाला’ असं दिसतं तेव्हा रॉमधला लाल पिक्सेल कदाचित निम्माच भरलेला असतो.

फोटो ओव्हर झाल्यावर पांढऱ्या ढगांवर येणारी गुलाबी झाकही याच गुणकांतून येते. तिन्ही रंग कमाल आकड्यावर अडकलेले असताना गुणले की लाल २, हिरवा १, निळा १.५. हिरवा मागे पडला की उरतो गुलाबी. चांगलं सॉफ्टवेअर हा भाग ओळखून पांढरा करतं, काही करत नाहीत.

दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशात गणित उलटं फिरतं. हॅलोजनखाली लालचा गुणक १.३च्या आसपास येतो, निळ्याचा २.५च्या. लालमध्ये उन्हात जो एक स्टॉप शिल्लक असायचा, तो इथे जवळजवळ संपतो. हॅलोजनखालच्या मंडपात लाल शालूचा पोत सपाट होतो, तो बहुधा लाल पिक्सेल खरोखर भरून गेल्यामुळे. त्यात एकरंगी हिस्टोग्राम पाहत असाल तर तो धोका लपवतो, कारण त्यात लालचं वजन सुमारे ३० टक्के आणि हिरव्याचं ५९. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्रामच लावावा. निळ्या एलईडीच्या रंगमंचावर तर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर ‘अंधार आहे’ म्हणत राहतो आणि निळा पिक्सेल केव्हाच भरलेला असतो.

जेजुरीचा भंडारा हे आणखी शिकवणारं उदाहरण. हळद निळा प्रकाश शोषते. लाल आणि हिरवा परत पाठवते. जेपेगच्या एसआरजीबी रंगक्षेत्रात (त्यात दाखवता येणाऱ्या रंगांच्या ठरावीक मर्यादेत) असा गडद पिवळा मावत नाही. लाल २५५वर आणि निळा ०वर जाऊन आदळतो आणि उधळलेल्या भंडाऱ्याचा कण न् कण एक सपाट पिवळा पट्टा होतो. रॉमध्ये लाल आणि हिरवा दोन्ही सीमेच्या आत असू शकतात. फाइल मोठ्या रंगक्षेत्रात उघडून पिवळ्याची तीव्रता थोडी कमी केली की पोत परत येतो. स्क्रीनवरची लुकलुक बघून इथे एक्स्पोजर दोन स्टॉप खाली आणलं, तर पायऱ्यांच्या काळ्या दगडात नुसते दाणे उरतील.

मग खरी सीमा कळायची कशी? कॅमेऱ्याचा मीटर जिथे शून्य (त्याच्या मते योग्य एक्स्पोजर) दाखवतो, तिथपासून पिक्सेल भरेपर्यंत किती स्टॉप आहेत, हे मोजून. आयएसओ १२२३२ या मानकाच्या संपृक्ततेवर (पिक्सेल भरण्यावर) आधारलेल्या पद्धतीने ही जागा जवळजवळ ३ स्टॉप येते. पण २००६च्या आवृत्तीत जेपेगच्या उजळपणावर आधारलेली पद्धत आणि उत्पादकाने स्वतः शिफारस करायची पद्धत, अशा दोन्हींना जागा मिळाली. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याची शिल्लक वेगळी. साधारण ३ ते ४ स्टॉप.

चाचणीला अर्धा तास लागतो. कॅमेरा तिकाटण्यावर, मूळ आयएसओ (बहुधा १००), १४-बिट रॉ, मॅन्युअल मोड, स्पॉट मीटर (फ्रेमच्या छोट्या भागाचाच प्रकाश मोजणारा). नायकॉनचं अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी, फुजीचं डीआर२००-४०० असलं सगळं बंद. ही साधनं मीटरिंग किंवा आयएसओ गुपचूप हलवतात. समोर सावलीतली एकसारखी पांढरी भिंत, फोकस मुद्दाम सैल. अ‍ॅपर्चर एफ/८वर कायम ठेवून फक्त शटर बदलायचं, कारण अ‍ॅपर्चरच्या पात्या दर वेळी तंतोतंत त्याच जागी येतील असं नाही. मीटर शून्यावर आणून एक फोटो, मग +२पासून +४पर्यंत एकतृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी सात. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली ही चाचणी करू नये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि वेगवान शटरला प्रत्येक फोटो वेगळा येतो.

फाइली रॉडिगर किंवा फास्टरॉव्ह्यूअरमध्ये उघडा. फुकटात हवं असेल तर डार्कटेबलमध्ये रॉ ओव्हरएक्स्पोजर दाखवणारी सोय आहे. फ्रेमच्या मधला छोटा चौकोन निवडून हिरव्याचा आकडा बघा. तो दर पायरीला वाढत जाईल आणि एका पायरीला थांबेल. थांबण्याच्या आधीची पायरी ही तुमची सीमा. लाइटरूममध्ये बघून हे ठरवू नका. ते अनेक कॅमेऱ्यांच्या फाइलींवर न सांगता थोडा उजळपणा चढवतं.

समजा सीमा +३ आली. एकतृतीयांश सुरक्षेसाठी सोडा, राहिले +२⅔. आषाढी वारीत ऊन पडलं आहे. समोर पांढरी टोपी, पांढरं धोतर. ऊन पडलेल्या टोपीवर स्पॉट मीटर धरा आणि शटर असं लावा की मीटर तिथे +२⅔ दाखवेल. टोपीची वीण शाबूत राहते आणि तिच्याखालच्या सावळ्या चेहऱ्याला शक्य तितके फोटॉन मिळतात. टाळांवरची, पितळेच्या कळशीवरची सूर्याची चमक उडू द्या. तिच्यात तपशील नसतोच. पावसाळ्यात धुक्याने भरलेल्या दरीत तर सर्वांत उजळ धुकंही मीटरच्या शून्याच्या जेमतेम वर असतं. तिथे १⅓ ते २ स्टॉप वाढवून काढा. स्क्रीनवर फिकट दिसेल. नंतर स्लायडर तेवढाच खाली ओढला की धुक्यातल्या झाडांच्या कडा दाण्यांशिवाय मिळतात.

प्रकाशच कमी असेल तेव्हा हे सगळं बदलतं. संध्याकाळी पक्षी उडतोय, शटर १/२०००च्या खाली आणता येत नाही, लेन्स पूर्ण उघडी आहे. सेन्सरवर पडणारा प्रकाश ठरून गेला. इथे आयएसओ दुप्पट केला की एकही जादा फोटॉन येत नाही. वरची शिल्लक मात्र एका स्टॉपने घटते, कारण तोच कमाल आकडा आता निम्म्याच इलेक्ट्रॉनांना गाठला जातो. आयएसओ वाढवण्याचा एकच खरा फायदा म्हणजे रीड नॉइज थोडा घटतो. अनेक नव्या सेन्सरांत तो एका ठरावीक आयएसओला, ६४० किंवा ८००च्या आसपास, एकदम कमी होतो; तिथे पिक्सेलमधला सर्किटचा मार्गच बदलतो. अशा कॅमेऱ्यात त्या आयएसओवर थांबावं, फोटो अंडर दिसला तरी चालेल, आणि उरलेला उजळपणा सॉफ्टवेअरमध्ये द्यावा. दाणे जवळपास तेवढेच राहतात, आणि बगळ्याच्या पांढऱ्या पंखांवर अचानक ऊन आलं तर ते उडत नाहीत.

मेनूतल्या ‘आयएसओ ५०’चं बहुतेक कॅमेऱ्यांत नेमकं उलट आहे. तो आयएसओ १००च असतो. फक्त मीटर एक स्टॉप जास्त प्रकाश घ्यायला लावतो आणि जेपेग तेवढंच गडद केलं जातं. तिथे तुमच्या +३ची सीमा +२ होते, आणि पांढरी टोपी तुम्हाला +१⅔वर ठेवावी लागते.