सीपीए लायसन्ससाठी १५० क्रेडिट: कमी पडलेली क्रेडिट स्वस्तात कशी भरायची

अमेरिकेत सीपीए, म्हणजे तिथला लायसन्सधारक अकाउंटंट, व्हायचं ठरवलं की आपल्याकडचे बी.कॉम., एम.कॉम. आणि सीएसुद्धा शिक्षणाच्या अटीपाशी येऊन थांबतात. बहुतेक राज्यांत लायसन्ससाठी १५० सेमिस्टर क्रेडिट (क्रेडिट म्हणजे कॉलेजातला अभ्यास मोजायचं तिथलं एकक) ही नेहमीची अट आहे. अमेरिकेतली चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते आणि आपली तीन वर्षांची बी.कॉम. मूल्यांकनात बहुधा ९० च्या आसपास येते. राहिलेलं अंतर भरायला मास्टर्सला प्रवेश घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्याला मास्टर्स करायचंच आहे त्याने जरूर करावं. पण ज्याला फक्त वीस-तीस क्रेडिट हवी आहेत, त्याने हजारो डॉलर फी भरण्याआधी स्वस्त मार्ग नीट समजून घ्यावेत. हे मार्ग खरे आहेत आणि कायदेशीर आहेत, मात्र प्रत्येकाला अटी आहेत. त्या आधी कळल्या नाहीत तर अभ्यास करून मिळवलेली क्रेडिट लायसन्स देणारं राज्याचं बोर्ड मोजत नाही.

आधी राज्य ठरवा

सीपीएचं लायसन्स राज्य देतं. पन्नास राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको, ग्वामसारखे प्रदेश धरून अशी ५५ अधिकारक्षेत्रं आहेत आणि प्रत्येकाचं अकाउंटन्सी बोर्ड वेगळं आहे. १५० क्रेडिटची अट सर्वांत आधी फ्लोरिडाने १९८३ मध्ये लागू केली आणि पुढे ती देशभर पसरली. आकडा सगळीकडे एकच असला तरी (काही राज्यांत आता त्याला पर्याय आहे, तो शेवटी बघू) त्या १५० मध्ये काय काय हवं, याचं उत्तर राज्यागणिक बदलतं.

न्यूयॉर्कला १५० पैकी ३३ क्रेडिट अकाउंटिंगची आणि ३६ बिझनेस विषयांची लागतात. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं चालत आलेली रचना अशी: २४ अकाउंटिंग, २४ बिझनेसशी संबंधित विषय, आणखी २० ‘अकाउंटिंग स्टडी’ आणि १० ‘एथिक्स स्टडी’. टेक्सास अकाउंटिंगमध्ये फक्त अप्पर लेव्हल, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीचे विषय मोजतं आणि शिवाय बोर्डाने मान्य केलेला तीन क्रेडिटचा एथिक्सचा कोर्स मागतं. त्यामुळे प्राथमिक अकाउंटिंगचे कितीही स्वस्त कोर्स केले तरी टेक्सासच्या अकाउंटिंगच्या रकान्यात त्यांची भर पडत नाही.

अनेक राज्यांत परीक्षेला बसायला १२० क्रेडिट पुरतात आणि १५० लायसन्सच्या वेळी लागतात. म्हणजे एकीकडे परीक्षा देत दुसरीकडे क्रेडिट जमवता येतात. चार पेपर आहेत. जानेवारी २०२४ पासून ऑडिटिंग, फायनान्शियल अकाउंटिंग आणि टॅक्सेशन-रेग्युलेशन हे तीन सक्तीचे, आणि चौथा तीन पर्यायांतून निवडायचा. प्रत्येकात ७५ गुण लागतात. परीक्षा मुंबईतल्या केंद्रावरही देता येते, मात्र त्याचं वेगळं शुल्क आहे आणि भारतातून परीक्षा देणाऱ्याला पास झाल्यावर तीन वर्षांच्या आत लायसन्स घेण्याची हमी द्यावी लागते. भारतात राहून परीक्षा देणाऱ्यांनी म्हणूनच क्रेडिटचं काम मागे टाकू नये.

मूल्यांकन

कुठलाही कोर्स विकत घेण्याआधी आपल्या शिक्षणाचं मूल्यांकन करून घ्या, म्हणजे ते अमेरिकन क्रेडिटमध्ये किती भरतं याचा अहवाल. ते कुठल्या संस्थेचं चालेल हे बोर्ड ठरवतं. राज्यांच्या बोर्डांची जी राष्ट्रीय संघटना आहे, नॅस्बा, तिची स्वतःची आंतरराष्ट्रीय मूल्यांकन सेवा आहे आणि काही राज्यं फक्त तीच मानतात. इमिग्रेशनसाठी किंवा कॉलेज प्रवेशासाठी पूर्वी करून घेतलेला अहवाल बोर्डाला चालेलच असं नाही.

कागदपत्रं अशी: प्रत्येक वर्षाच्या किंवा सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, आणि विद्यापीठाकडून बंद पाकिटात किंवा ऑनलाइन थेट गेलेली ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांची आणि गुणांची अधिकृत नोंद. मूल्यांकन संस्था बहुधा तुमच्या हातातून आलेली ट्रान्सक्रिप्ट स्वीकारत नाहीत. सीए असाल तर आयसीएआयची कागदपत्रंही जोडा, काही ठिकाणी त्याची जादा क्रेडिट मिळतात. मात्र अमेरिका आणि भारत यांच्यात सीए-सीपीए परस्पर मान्यतेचा करार नाही, त्यामुळे सीएलाही चारही पेपर द्यावेच लागतात.

नावाकडे खास लक्ष द्या. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर माणूसच वेगळा वाटावा इतका फरक पडतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र सुरुवातीलाच जोडलं, तर पुढची पत्रापत्री वाचते. परीक्षेच्या अर्जातलं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर केंद्रावर आत घेत नाहीत.

अहवाल हातात आला की दोन गोष्टी बघा. पहिली, एकूण क्रेडिट किती. दुसरी, जास्त महत्त्वाची: तुमचं शिक्षण अमेरिकन बॅचलर पदवीच्या बरोबरीचं धरलं आहे का. काही संस्था नॅकची वरची श्रेणी असलेल्या कॉलेजातली चांगल्या वर्गात मिळवलेली तीन वर्षांची पदवी पूर्ण बॅचलर धरतात, काही धरत नाहीत. एम.कॉम. असेल तर हा प्रश्न बहुधा सुटतो. पण अहवालात ‘तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण’ एवढंच लिहिलं असेल, तर नुसती ६० सुटी क्रेडिट गोळा करून भागत नाही. बेरीज १५० होईल, पण पदवी होणार नाही आणि बोर्डाला पदवी हवी असते. अशा वेळी क्रेडिट कुठल्यातरी कॉलेजात वर्ग करून तिथली पदवीच पूर्ण करावी लागते. न्यू जर्सीतलं थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, न्यूयॉर्क राज्यातलं एक्सेल्सियर आणि कनेक्टिकटमधलं चार्टर ओक ही तीन कॉलेजं बाहेरून आणलेली क्रेडिट मोठ्या प्रमाणात स्वीकारण्यासाठी ओळखली जातात. नोकरी करत पदवी पुरी करणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठीच ती चालतात.

स्वस्त क्रेडिट कुठे मिळतात

समजा एम.कॉम.सह १२६ क्रेडिट आली. २४ कमी आहेत. त्यातली किती ‘कुठल्याही विषयाची’ चालतील आणि किती अकाउंटिंगचीच हवीत, हे आधी वेगळं काढा, कारण दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

कुठल्याही विषयाच्या क्रेडिटसाठी सर्वांत स्वस्त म्हणजे क्लेप परीक्षा. कॉलेज बोर्ड ही परीक्षा घेणारी अमेरिकन संस्था त्या घेते (तिचा अकाउंटन्सी बोर्डाशी संबंध नाही), एकूण ३४ विषय आहेत, एका परीक्षेला सुमारे १०० डॉलर आणि केंद्राचं थोडं शुल्क. गुण २० ते ८० मध्ये असतात आणि बहुतेक विषयांत ५० ला पास धरण्याची शिफारस आहे. एका परीक्षेला तीन, काहींना सहा क्रेडिट. इकॉनॉमिक्स, मॅनेजमेंट, मार्केटिंग, बिझनेस लॉ हे विषय आपल्या कॉमर्सच्या विद्यार्थ्याला परके नाहीत. मॉडर्न स्टेट्स ही सेवाभावी संस्था याचे कोर्स मोफत देते आणि कोर्स पुरा केल्यावर परीक्षेची फीही भरते. याच धर्तीवर डीएसएसटी परीक्षा आहेत.

दुसरा मार्ग मासिक वर्गणीच्या ऑनलाइन कोर्सचा. सोफिया ही वेबसाइट महिन्याला साधारण १०० डॉलर घेते आणि वेगाने अभ्यास करणारा त्यात एकाहून जास्त कोर्स संपवू शकतो. स्टडी डॉट कॉमवर इंटरमीडिएट अकाउंटिंगसारखे वरच्या पातळीचे विषयही आहेत. सेलर अकॅडमीचे कोर्स मोफत असतात. या सगळ्यांची क्रेडिट अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या उच्च शिक्षणातल्या संस्थेच्या शिफारशीवर उभी असतात. आणि सर्वांत मोठी गफलत इथेच होते: शिफारस म्हणजे क्रेडिट नव्हे. ती हातात असलेल्या चेकसारखी आहे, बँकेत भरून वटल्याशिवाय खात्यात काही जमा होत नाही. बोर्डाला मान्यताप्राप्त कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट लागते. सोफियाचं किंवा क्लेपचं गुणपत्रक थेट बोर्डाला पाठवून उपयोग नाही. ती क्रेडिट एखाद्या कॉलेजने स्वीकारून स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर नोंदवली पाहिजेत, आणि कॉलेजं हे सहसा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यासाठीच करतात. नोंदही विषयवार हवी. ‘बाहेरून आलेली २४ क्रेडिट’ अशी एकगठ्ठा ओळ असेल तर विषय कुठला आणि पातळी कुठली, हे बोर्डाला कळत नाही.

तिसरा मार्ग कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजचा. अमेरिकेत राहणाऱ्यांना मी सर्वांत आधी हाच सुचवेन. हे कॉलेज स्वतःच मान्यताप्राप्त असतं, त्यामुळे मधला कुठलाही टप्पा राहत नाही. कोर्स केला की ट्रान्सक्रिप्ट थेट बोर्डाकडे जाते. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला फी आहे युनिटला (क्रेडिटला तिथे युनिट म्हणतात) ४६ डॉलर, म्हणजे २४ युनिटना ११०४ डॉलर, वर पुस्तकं आणि किरकोळ शुल्क. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातली डी अँझा आणि फुटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची आहेत, म्हणजे तिथे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असतात, तिथे युनिटला ३१ डॉलर. क्वार्टरचं एक युनिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश, त्यामुळे २४ सेमिस्टर क्रेडिटसाठी ३६ क्वार्टर युनिट लागतात आणि खर्च जवळजवळ तेवढाच, १११६ डॉलर येतो. हे रूपांतर विसरून २४ क्वार्टर युनिटवर थांबलात तर बोर्डाकडे ती १६ च मोजली जातील.

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, गेलेल्या आपल्या अनेक जणी कॉमर्सच्या पदवीधर आहेत. एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ प्रवेश घेता येतो. रहिवाशाची फी लागू होईल का, हे कॉलेजच्या रेसिडेन्सी विभागाला विचारा. बाहेरच्यांची फी कितीतरी जास्त असते आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ती भरावीच लागते. नोकरीसाठी मात्र वर्क परमिट लागतं. लायसन्ससाठी क्रेडिटशिवाय कामाच्या अनुभवाचीही अट असते, म्हणून हे आधीच लक्षात घ्यायला हवं.

क्रेडिट बाद कशामुळे होतात

एकच विषय दोनदा मोजला जात नाही. बी.कॉम.ला फायनान्शियल अकाउंटिंग झालंय आणि मूल्यांकनात ते तीन क्रेडिट म्हणून आलंय, तर त्याच नावाची क्लेप परीक्षा पास होऊन एकही क्रेडिट वाढत नाही. कॉमर्सवाल्यांना सोपे वाटणारे विषयच याला बळी पडतात, म्हणून अहवालातली विषयांची यादी समोर ठेवून त्यात नसलेले विषय निवडा. इतिहास, मानसशास्त्र, संवादकौशल्य, माहिती तंत्रज्ञान यांत पुनरुक्तीची भीती कमी.

पातळीचा मुद्दा वर आलाच आहे. क्लेपची क्रेडिट सर्वसाधारणपणे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पातळीची धरतात. कम्युनिटी कॉलेजचे अकाउंटिंगचे कोर्सही काही राज्यं वरच्या पातळीचे धरत नाहीत. जिथे अप्पर लेव्हल अकाउंटिंग कमी पडतंय, तिथे चार वर्षांच्या विद्यापीठाचाच सुटा कोर्स घेणं मला सुरक्षित वाटतं. दोन-तीन कोर्सचे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण तो रकाना निर्विवाद भरलेला असावा. बचत करायची ती बाकीच्या क्रेडिटमध्ये.

म्हणून बोर्डाला लेखी विचारा, फोनवरच्या उत्तरावर पैसे खर्च करू नका. ईमेलमध्ये कोर्सचं नाव, तो देणारी संस्था, तो नोंदवणारं कॉलेज आणि तो कुठल्या रकान्यात धरायचा आहे, हे चारही तपशील लिहा. ‘ऑनलाइन क्रेडिट चालतात का’ असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तरही मोघम येतं. काही राज्यांसाठी नॅस्बाकडे पैसे भरून पूर्वमूल्यांकनही करून मिळतं, अर्ज करण्याआधी काय कमी आहे ते त्यात कळतं.

१५० लागतीलच का?

हा प्रश्न आता खरोखर विचारावा असा झाला आहे. ओहायोने १ जानेवारी २०२६ पासून नवा मार्ग खुला केला: अकाउंटिंगच्या विषयांसह बॅचलर पदवी आणि एकाऐवजी दोन वर्षांचा अनुभव, मग १५० ची गरज नाही. कॅलिफोर्नियासह इतरही राज्यांनी २०२५ मध्ये तसे कायदे केले आणि त्यांच्या अंमलाच्या तारखा वेगवेगळ्या आहेत. ज्याचं शिक्षण बॅचलरच्या बरोबरीचं ठरलं आहे आणि ज्याच्याकडे दोन वर्षांचा मान्य होणारा अनुभव आहे किंवा लवकरच होणार आहे, त्याने क्रेडिटवर एक डॉलरही खर्च करण्याआधी आपल्या राज्यातली स्थिती तपासावी. अनुभव अनेक राज्यांत भारतातलाही चालतो, पण त्यावर लायसन्स चालू असलेल्या सीपीएची सही लागते, तेव्हा आपल्या कामाची साक्ष देईल असा सीपीए कंपनीत आहे का हे आधीच बघून ठेवा. अकाउंटिंगचे विषय कमी असतील तर ते नव्या मार्गातही भरावेच लागतात, आणि तिथे कम्युनिटी कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा सुटा कोर्स तितकाच उपयोगी पडतो.

शेवटचा अर्ज करताना प्रत्येक कॉलेजकडून वेगळी अधिकृत ट्रान्सक्रिप्ट थेट बोर्डाकडे जाईल असं बघा, जिथे एकच कोर्स केला त्या कॉलेजकडूनसुद्धा. प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम डाउनलोड करून जपून ठेवा. विषय कुठल्या रकान्यात बसतो यावर बोर्डाने शंका काढली, तर हाच कागद मागतात, आणि कोर्स बंद झाल्यावर तो मिळवणं फार अवघड जातं.