चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र

चंद्रपूर शहरालगत दुर्गापूर–ऊर्जानगर परिसरात असलेले, महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचे कोळशावर चालणारे वीज केंद्र. स्थापित क्षमता 2,920 मेगावॅट. महानिर्मितीच्या केंद्रांत हे सर्वांत मोठे. आसपासच्या गावांत त्याला ‘सीटीपीएस’ किंवा नुसते ‘थर्मल’ म्हणतात.

केंद्रासाठी ही जागा निवडली गेली ती कोळशामुळे. दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी अगदी दाराशी आहेत. इथल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे. असा कोळसा रेल्वेने शेकडो किलोमीटर नेणे म्हणजे निम्मी माती वाहून नेण्यासारखेच; त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशी वीज करून ती तारेने पाठवणे स्वस्त पडते. पाण्यासाठी इरई नदीवर धरण बांधले.

210 मेगावॅटचा पहिला वीजनिर्मिती संच 1983 मध्ये सुरू झाला आणि 1986 पर्यंत तसे चार संच उभे राहिले. 1991, 1992 आणि 1997 मध्ये 500 मेगावॅटचे तीन संच आले, तेव्हा क्षमता 2,340 मेगावॅट झाली. वीज मंडळाचे 2005 मध्ये विभाजन होऊन केंद्र महानिर्मितीकडे आले. आठवा आणि नववा हे प्रत्येकी 500 मेगावॅटचे संच 2016 मध्ये सुरू झाले. सर्वांत जुने दोन मात्र पुढे कायमचे बंद करण्यात आले.

इथली वीज कुठे जाते हे समजून घेतल्याशिवाय या विस्ताराचा अर्थ लागत नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे 752 किलोमीटरची, 500 किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची (डीसी) वाहिनी 1999 पासून कार्यरत आहे. तिची क्षमता 1,500 मेगावॅट. म्हणजे विदर्भाच्या टोकाला जळणाऱ्या कोळशाचा प्रकाश राज्याच्या दुसऱ्या टोकाला पडतो. या वाहिनीचे मनोरे ज्याच्या वावरात उभे आहेत, त्या विदर्भातल्या शेतकऱ्याला मात्र ओलितासाठी वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीची वीज मिळाली. अंधारात, सापकिरड्याच्या भीतीत त्याला मोटार सुरू करायला जावे लागले.

राख मात्र इथेच राहते. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा जाळतो आणि त्यातून तीनेक हजार टन राख निघते. धुरातली बारीक राख विद्युतभारित पट्ट्यांवर अडवली जाते. तिचा काही भाग सिमेंट आणि विटांसाठी जातो. बॉयलरच्या तळाची जाड राख पाण्यात कालवून नळांतून राख बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात बंधारा वाळला आणि वावटळ उठली की हीच राख गावावर येते. सकाळी झाडलेले अंगण दुपारी पुन्हा करडे दिसते, तुळशीच्या पानावरून बोट फिरवले तर बोटाला पीठ लागते. धुऱ्यालगतच्या (शेताच्या बांधाजवळच्या) पऱ्हाटीवर राख बसली की फुटलेले बोंड मळकट होते आणि बाजारात त्या कापसाला भाव कमी मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथे होते. त्यात खाणी आणि सिमेंट कारखान्यांचाही वाटा आहे, पण थर्मलचा वाटा लहान म्हणता येणार नाही.

इरई धरणावर केंद्र आणि चंद्रपूर शहर अशी दोघांचीही तहान अवलंबून आहे. 2010 च्या उन्हाळ्यात साठा तळाला गेला आणि संच बंद ठेवावे लागले. उलट पावसाळ्यात धरणाचे सातही दरवाजे उघडले की नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते.

जमिनी दिलेल्या कुटुंबांतील अनेकांचा नोकरीचा प्रश्न विस्तारानंतरही सुटला नाही. 2021 मध्ये काही प्रकल्पग्रस्तांनी थेट चिमणीवर चढून आंदोलन केले. केंद्राच्या आवारातल्या मोकळ्या जागेत झुडपी रान माजले आहे आणि ताडोबाचे जंगल जवळच असल्यामुळे वाघ, बिबट्या, अस्वल इथे सर्रास दिसतात. फेब्रुवारी 2022 मध्ये आवारातच वाघाच्या हल्ल्यात एक कामगार दगावला आणि लगेच दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाला बिबट्याने उचलून नेले. आवारातले हे रान तोडण्याची मागणी कामगार आणि गावकरी करत आले आहेत.