बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मिळवण्यासाठी अर्ज: कोणी करायचा, कागद कोणते आणि नंबर कसा जुळवायचा

बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘ब्लॉक आणलेत का?’ परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेर झालेल्या बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात. ब्लॉक म्हणजे फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवलेला गाठीचा तुकडा पॅराफिन मेणात बसवून केलेली वडी. तिचे ३ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काचेवर घेऊन रंगवले की स्लाइड तयार होते. दोन्ही लॅबच्या ताब्यात असतात आणि लेखी मागितल्यावरच मिळतात.

अर्ज कुठे द्यायचा, इथेच बरेच हेलपाटे होतात. ऑपरेशन तालुक्याच्या गावी झालेलं असतं, पण गाठ तपासलेली असते पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये. ब्लॉक तिथेच असतो. रिपोर्टच्या डोक्यावर ज्या लॅबचं नाव आहे तिच्याकडे जा. रिपोर्टवर अनेकदा दोन नंबर असतात: एक दवाखान्याचा किंवा कलेक्शन सेंटरचा, दुसरा लॅबचा बायोप्सी नंबर. ब्लॉक सापडतो तो दुसऱ्या नंबरावर.

कोण मागू शकतं

रुग्ण स्वतः. रुग्ण लहान असेल तर आई-वडील किंवा पालक. रुग्ण येऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन नातेवाईक. रुग्ण हयात नसेल तर वारस, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून. पोलीस केस असेल तर मात्र लॅब ब्लॉक परस्पर देत नाही. तिथे पोलीस किंवा न्यायालयामार्फतच जावं लागतं.

कागद

मूळ रिपोर्ट आणि त्याची झेरॉक्स, रुग्णाचं ओळखपत्र, घ्यायला येणाऱ्याचं ओळखपत्र, लागेल तिथे अधिकारपत्र, आणि पुढच्या डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठी प्रत्येक लॅब मागत नाही, तरी न्याच. त्यात ‘सर्व स्लाइड व ब्लॉक’ असं लिहून घ्या; नुसतं ‘स्लाइड’ लिहिलं असेल तर काउंटरवरून स्लाइडच हातात पडतात. काही लॅबचा छापील फॉर्म असतो. नसेल तर साध्या कागदावर एवढं पुरतं:

‘माझा बायोप्सी क्रमांक अमुक, रिपोर्टची तारीख अमुक. दुसऱ्या तज्ज्ञांच्या मतासाठी या क्रमांकाचे सर्व पॅराफिन ब्लॉक व स्लाइड द्याव्यात. काम झाल्यावर ब्लॉक परत करीन.’

अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितलेल्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. त्यात ब्लॉकचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे काउंटरवर कायदा झाडण्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी जास्त कामी येते. तुकडा फारच लहान असेल तर लॅब ब्लॉक द्यायला कचरते. अशा वेळी रंग न दिलेले जादा काप मागा. त्याचे पैसे वेगळे पडू शकतात.

घेताना नंबर जुळवा

बहुतेक जण नाव बघतात आणि डबी खिशात टाकतात. एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच दिवशी लॅबमध्ये असणं अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून नंबर बघा. समजा रिपोर्टवर ४५१२/२५ आहे. मग प्रत्येक ब्लॉकच्या प्लॅस्टिक कॅसेटच्या तिरप्या कडेवर ४५१२/२५ आणि पुढे ए१, ए२, बी१ असं काहीतरी हवं. ए, बी ही नमुना ज्या डब्यांतून लॅबमध्ये आला त्या डब्यांची अक्षरं असतात, आकडे त्यातल्या तुकड्यांचे. तोच नंबर स्लाइडच्या खरबरीत टोकावर हवा. तिथे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. साधी शाई स्लाइड रंगवताना वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोल-झायलीन या द्रावणांत धुऊन जाते, पेन्सिल टिकते. बारकोडच्या लॅबमध्ये छापील लेबल असतं, पण बारकोड फक्त यंत्राला वाचता येतो, त्यामुळे शेजारचे आकडे तुम्ही वाचा. रिपोर्टमध्ये ‘डावा’ आणि डॉक्टरांनी नमुन्यासोबत लॅबला पाठवलेल्या मागणीपत्रात ‘उजवा’ असला काही फरक दिसला तर तो आत्ताच विचारायचा.

नंबर जुळला नाही तर वस्तू घेऊ नका, आणि लेबलवर स्वतः खाडाखोड तर मुळीच करू नका. लॅबकडून लेखी खुलासा घ्या. शंका खरीच गंभीर असेल तर ब्लॉकमधल्या पेशी आणि रुग्णाचं रक्त यांचा डीएनए ताडून नमुना कोणाचा हे ठरवता येतं.

लॅब स्लाइड स्कॅन करत असेल तर डिजिटल फाइलही मागा. स्कॅनसोबत लेबलचा फोटो साठवलेला असतो. फाइल उघडून तो नंबर पाहा, कारण फाइलचं नाव माणूस बदलू शकतो. पण फाइलवर नवा रंग चढवता येत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर२ (उपचार ठरवायला बघितली जाणारी पेशींमधली प्रथिनं) तपासायचं तर मेणाचा ब्लॉक किंवा त्याचे रंग न दिलेले कापच लागतात.

नेताना आणि परत करताना

स्लाइड प्लॅस्टिकच्या खाचांच्या डबीत, ब्लॉक वेगळ्या पिशवीत. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, म्हणून मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडून येताना ब्लॉक बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. दुसऱ्या दवाखान्यात जमा करताना किती ब्लॉक, किती स्लाइड, कोणते नंबर हे पावतीवर लिहून घ्या.

उशीर करू नका. लॅबना मान्यता देणाऱ्या कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या अमेरिकेतल्या संस्थेच्या निकषांत ब्लॉक आणि स्लाइड १० वर्षं ठेवायच्या असतात, पण फॉर्मलिनच्या डब्यातला उरलेला ओला नमुना अंतिम रिपोर्टनंतर २ आठवडेच. ही मान्यता घेतलेल्या लॅब भारतातही आहेत. त्यामुळे ‘अजून तुकडे घेऊन बघा’ अशी विनंती करायची असेल तर ती पहिल्याच आठवड्यात करा. आणि ब्लॉक परत केल्यावर लॅबकडून ‘जमा’ असा शिक्का मारून घ्या. वर्षा-दोन वर्षांनी आजार उलटला तर तोच ब्लॉक पुन्हा मागावा लागतो.