पासिंग २०३३ पर्यंत, म्हणजे नेमकं काय?

"मामा, पासिंग २०३३ पर्यंत आहे, टेन्शनच नाही." चवथीच्या आधी गाडी दारात हवी म्हणून भाचा म्हापशाला २०१८ ची एक हॅचबॅक बघून आला आणि चपला काढायच्या आधी हे वाक्य. विकणाऱ्याने ते दोनदा ऐकवलं होतं म्हणे. मी विचारलं, "आणि सर्व्हिस रेकॉर्ड?" तर म्हणतो, "पासिंग आहे ना, म्हणजे गाडी तपासलेलीच असणार."

ही गल्लत त्याच्या एकट्याची नाही. खासगी गाडी नवी नोंदवली की आरसीवर पंधरा वर्षांनंतरची तारीख पडते, तीच ही पासिंगची तारीख. २०१८ अधिक १५, झाले २०३३. शाळेतली बेरीज आहे ती. मधल्या पंधरा वर्षांत आरटीओतला कोणीही त्या गाडीखाली वाकून बघत नाही. पंधरा वर्षं भरली, नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवायची वेळ आली, की मग गाडी हजर करायची. तेव्हा ब्रेक, दिवे, हॉर्न, स्टिअरिंग, धूर, चासी नंबर असं बघतात. टॅक्सी आणि रेंट-अ-कॅबचं गणित निराळं. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी फिटनेस करून घ्यावा लागतो. म्हणजे गंमत अशी की, पिवळ्या पाटीची दमलेली टॅक्सी गेल्या वर्षी तपासून निघालेली असते आणि डॉक्टरसाहेबांची चकचकीत गाडी जन्मल्यापासून कुणी सरकारी नजरेने पाहिलेली नसते.

शिवाय फिटनेसच्या तपासणीचा प्रश्न एवढाच असतो की, ही गाडी आज रस्त्यावर आणली तर कुणाला धोका आहे का? क्लच अजून किती दिवस टिकेल, गिअरबॉक्स कधी मान टाकेल, हे तिथे कोणी विचारत नाही. पीयूसीचा कागद तर फक्त धुरापुरता.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांतलं कोणी ना कोणी इंग्लंडात आहे. तिथून फोनवर सल्ला येतो, "इन्स्पेक्शन हिस्टरी बघ रे." त्यांचं बरोबर आहे, पण तिथलं. तिकडे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि नंबर टाकला की प्रत्येक वर्षीचा निकाल, किलोमीटरऐवजी मैलांसकट, कोणालाही फुकट दिसतो. आपल्याकडे खासगी गाडीचा असा सरकारी इतिहास तयारच होत नाही. सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधी संपतात हे कळतं, आणि ते बघायलाच हवं. गाडीची तब्येत मात्र त्यात नाही.

ती असते सर्व्हिस रेकॉर्डमध्ये. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी गेली की जॉब कार्ड बनतं : तारीख, किलोमीटर, काय बदललं, मालकाने काय तक्रार सांगितली. ही नोंद चासी नंबरावर बसते, त्यामुळे मालक बदलला तरी राहते. परक्याला ती सहसा दाखवत नाहीत. मालकाला बरोबर न्यायचं किंवा त्याच्याकडून प्रिंट मागायची. तो कां-कूं करू लागला तर तेही उत्तरच. वाचताना आधी किलोमीटरचा रकाना वरून खाली बघायचा. आकडे चढतेच हवेत. मग तीच तक्रार पुन्हापुन्हा आली आहे का ते. वॉरंटी संपल्यावर पुष्कळ लोक ओळखीच्या मेस्त्रीकडे जातात, म्हणून रेकॉर्ड मध्येच तुटलं तर लगेच संशय घेऊ नये. मेस्त्रीची बिलं मागावीत, जमल्यास मेस्त्रीलाच भेटावं.

जुन्या विमा पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस ५० टक्के असेल तर सलग पाच वर्षं स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतलेला नाही. शून्य असेल तर का, ते विचारा. मात्र हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. त्यामुळे नुकत्याच घेतलेल्या दुसऱ्या मालकाकडे शून्य दिसलं तर त्यात वावगं काही नाही. जुन्या पॉलिसीवरून आणखी एक कळतं, ते म्हणजे ही गाडी पूर्वी काळ्या पाटीवर, म्हणजे रेंट-अ-कॅब म्हणून, पर्यटकांच्या हातात फिरत होती का.

आता एक प्रकार जिथे दोन्ही कागद थकतात : तारवट्याची गाडी. मालक वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर, गाडी माडाखाली. सात वर्षांत २५,००० किलोमीटर, आणि आकडा अगदी खरा. पण उभ्या गाडीची बॅटरी मरते, टायर कडक होतात, उंदीर वायरी कुरतडतात, आणि समुद्रावरचा खारा वारा पत्रा खालून खात राहतो. अशा वेळी टायरवरचा चार आकडी कोड वाचावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मग गाडी लिफ्टवर चढवून तळ आणि दारांच्या खालच्या कडा बघाव्यात. ताजा काळा रंग दिसला तर मी तरी आधी नखाने खरवडून बघतो. डिचोली-सत्तरीकडची गाडी असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. जुलै २०२१ च्या पुराचं पाणी ज्या गाडीत शिरलं, तिची सीट कव्हरं केव्हाच बदलली असतील, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते.

भाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हापशाला गेला. डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, चुरगळलेलं एक जॉब कार्ड सापडलं. तारीख २०२२ ची, किलोमीटर ६१,०००. मीटर दाखवत होता ४८,०००. पासिंग मात्र अजून २०३३ पर्यंतच होतं.