हिरवी लघवी (गुंगीच्या औषधाने होणारी)

आयसीयूत गुंगीवर ठेवलेल्या पेशंटची लघवी कधीकधी हिरवी होते, म्हणजे पोपटीपासून पार शेवाळी रंगापर्यंत, आणि ती प्रोपोफॉल नावाच्या औषधामुळं झाली असेल तर घाबरायचं काही कारण नसतं. नळीला लावलेली पिशवी सगळ्यांना दिसते म्हणून आधी नातेवाइकांचाच जीव वर-खाली होतो, "पिशवीत हिरवं काय दिसायलंय?" मराठवाड्यात फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट व्हेंटिलेटरवर असतात, त्यांच्या घरच्यांना तर वाटतं विषच बाहेर पडायलंय. तसं नसतं.

प्रोपोफॉल दिसतं दुधासारखं पांढरं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोटून देतात (लातूरच्या मोंढ्यात पोत्यांनी येतं तेच सोयाबीन, फक्त इथं शुद्ध केलेलं तेल). ब्रिटनमध्ये ते 1986 पासून वापरात आहे आणि ज्यांनी शोधलं ते जॉन ग्लेन माणसांचे नाही तर जनावरांचे डॉक्टर, त्यांना 2018 ला वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मग पांढऱ्या औषधाची हिरवी लघवी कशी? तर हे औषध फिनॉल जातीचं, लिव्हर त्याचं रूपांतर करून ते किडनीकडं पाठवतं, आणि त्यातल्या काही पदार्थांना हिरवा रंग असतो. सगळ्यांना होत नाही. औषध बंद केलं की रंग आपोआप जातो, बऱ्याचदा एकदोन दिवसांतच, वेगळा उपचार लागत नाही. याच औषधानं युरिक अ‍ॅसिड जास्त बाहेर पडून लघवी गुलाबी, गढूळ पण होऊ शकते, पण ते कमी वेळा.

झोप आणणारी अ‍ॅमिट्रिप्टिलीनची गोळी, जी डोकेदुखीला किंवा पायाच्या आगीला पण देतात, तिनंही क्वचित निळसर-हिरवी लघवी होते. बी-कॉम्प्लेक्सनं पिवळीजर्द आणि टीबीच्या रिफाम्पिसिननं नारिंगी होते हे तर आपल्याकडं बहुतेकांना माहीत असतं.

पण हिरवं दिसलं की औषधाचंच, असं डॉक्टरही धरून चालत नाहीत, कारण स्यूडोमोनास जंतूचं इन्फेक्शन असलं तरी लघवी हिरवी दिसू शकते, म्हणून ताप आहे का बघतात, लघवी तपासायला आणि कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवतात. लाल किंवा कोलासारखी काळपट झाली तर गोष्टच वेगळी. प्रोपोफॉल पेशंटच्या वजनाच्या दर किलोमागं ताशी 4 मिलिग्रॅमच्या वर, 48 तासांहून जास्त चालू राहिलं तर क्वचित स्नायू विरघळायला लागतात, तेव्हा असा रंग येतो आणि औषध लगेच थांबवावं लागतं. घोणस चावलेल्या माणसाची लघवी लाल झाली तर ते रक्त असू शकतं, किडनीवर पण येतं, तिथं उद्या बघू म्हणून चालत नाही.