गाडीचा वेग कोण ठरवतं?

कारच्या वेगमापकावर १८० किंवा २०० पर्यंत आकडे असतात. सकाळी साडेनऊला मुंबईच्या पश्चिम द्रुतगती महामार्गावर तीच कार बरेचदा सायकलच्या चालीने सरकत असते. दोष इंजिनाचा नाही आणि चालकाचाही नाही. शहरात गाडीचा वेग गाडीत बसलेल्याच्या हातात फारसा नसतोच. तो ठरतो गाडीबाहेरच्या लोकांमुळे, आणि त्यातही ज्यांच्याकडे गाडी नाही अशांमुळे. ऐकायला हे चमत्कारिक वाटतं. पण त्यामागे साधी भूमिती आहे आणि थोडं अर्थशास्त्र.

गाडी घ्यावी की नाही यावर घराघरांत वाद होतात ते हप्त्यावरून, पेट्रोलवरून, पार्किंगवरून, आणि कोणी उघड बोलत नसलं तरी सोयरिकीतल्या इभ्रतीवरून. हे सगळं क्षणभर बाजूला ठेवू आणि फक्त जागा मोजू.

उभ्या गाडीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, आपल्या मापात १३५ चौरस फूट. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात पिढ्यानपिढ्या अख्खी कुटुंबं राहिली. दिवसातून दीड तास चालणारी गाडी उरलेले साडेबावीस तास जवळपास तेवढीच जागा धरून उभी असते. पण खरी गंमत ती चालू लागली की सुरू होते.

पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवावं, असा सुरक्षित वाहनचालनाचा नियम सांगतात. समोरच्याने ब्रेक दाबला हे डोळ्यांना कळून पाय हलेपर्यंत एक-दीड सेकंद जातोच. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. तेव्हा दोन सेकंदांचे २० मीटर आणि गाडीची लांबी साडेचार, असे मिळून साडेचोवीस मीटर झाले. रस्त्याची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद असते. गुणाकार केला की ८६ चौरस मीटर, म्हणजे ९२० चौरस फुटांच्या पुढे. मुंबईत एवढ्यात ऐसपैस टू बीएचके होतो. ताशी ३६ च्या माफक वेगाने जाणारी प्रत्येक कार एक टू बीएचके सोबत ओढत चाललेली असते, आणि त्यात सरासरी दीड माणूस बसलेला असतो.

वेग ताशी १० किलोमीटरवर उतरला की हीच जागा ३५ चौरस मीटरवर येते. वाहतूक कोंडी म्हणजे काय, ते इथे कळतं. रस्त्याचं क्षेत्रफळ ठरलेलं आहे, गाड्या वाढत जातात, प्रत्येकीच्या वाट्याची जागा कमी होते. मग वेग कमी केल्याशिवाय त्या मावतच नाहीत. पोलिस कितीही शिट्ट्या फुंकोत, हे गणित बदलत नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे दोन सेकंदांचं अंतर ठेवतं कोण? ठेवलंच तर त्यात रिक्षा घुसते. खरं आहे. अंतर कमी ठेवलं तर तेवढ्याच रस्त्यावरून कागदोपत्री जास्त गाड्या जातात. पण अशी दाटीची रांग अस्थिर असते. जपानी शास्त्रज्ञ युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक सुंदर प्रयोग केला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या ठेवल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकसारखं चालवत राहा. सिग्नल नाही, खड्डा नाही, वळून येणारी हातगाडी नाही. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग कोणीतरी किंचित हळू झाला, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि बघता बघता काही गाड्या चक्क थांबल्या. थांबण्याची ही लाट वाहतुकीच्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकत राहिली. द्रुतगती मार्गावर अर्धा तास अडकून पुढे गेल्यावर ना अपघात दिसतो ना काम चालू असलेलं, तेव्हा चिडू नका. ती लाट तुमच्या अंगावरून गेलेली असते.

एका मार्गिकेतून किती माणसं जातात तेही बघू. ताशी ३६ च्या वेगाने तासाला सुमारे १,४७० गाड्या जातील. सिग्नल निम्मा वेळ लाल धरला तर सातशे-साडेसातशे. गाडीमागे दीड माणूस, म्हणजे तासाला साधारण ११०० माणसं. शेजारच्या रुळावर दर चार मिनिटांनी बारा डब्यांची लोकल जाते. गर्दीच्या वेळी तिच्यात चार-साडेचार हजार लोक कोंबलेले असतात. माणुसकी म्हणून मी तीनच हजार धरतो. तरीही तासाला ४५ हजार होतात, त्या मार्गिकेच्या चाळीसपट. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दिवसाला सत्तर लाखांच्या आसपास प्रवास होतात, ते या चाळीसपटीच्या जोरावर.

आता सुरुवातीच्या विधानाकडे येऊ. बोरिवलीहून चर्चगेटला जलद लोकलने ५० ते ५५ मिनिटं लागतात. दोन्ही टोकांची चाल, शेअर रिक्षा, फलाटावरची वाट धरली की सव्वा-दीड तास. ज्याच्याकडे गाडी आहे तो रोज सकाळी मनात हिशेब करतो. रस्ता मोकळा असेल आणि गाडीने तासाभरात पोचता येत असेल, तर लोकलचे धक्के खाणारे काहीजण उद्या गाडी काढतील. परवा आणखी काही. रस्ता भरत जाईल, आणि गाडीचा वेळ लोकलच्या वेळेच्या बरोबरीला आला (एसी आणि बसायला जागा यांची किंमत म्हणून थोडा पुढेही गेला) की हे स्थलांतर थांबेल. म्हणजे गर्दीच्या वेळी गाडीचा घर ते कचेरी वेग लोकलच्या घर ते कचेरी वेगाला बांधलेला असतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये द्रुतगती मार्गांबाबत असा विचार मांडला, पुढे ब्रिटनच्या जे. एम. थॉमसन यांनी तो सार्वजनिक वाहतुकीशी जोडला. दोघांच्या नावाने तो ‘डाउन्स-थॉमसन विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो.

विरोधाभास कसला? रस्त्यावर माणसं वाढली की रस्ता बिघडतो. बसला माणसं वाढली की बस सुधारते, कारण फेऱ्या वाढवणं परवडतं आणि थांब्यावर कमी वेळ तिष्ठावं लागतं. आता रस्ता रुंद केला तर काही बसवाले गाडीत जातात, बसचं उत्पन्न घटतं, फेऱ्या कमी होतात, बसचा एकूण वेळ वाढतो. मग आणखी लोक गाडीकडे वळतात. शेवटी जो नवा तोल साधतो त्यात बसवालेही आधीपेक्षा उशिरा पोचतात आणि गाडीवालेही. पैसे खर्चून सगळ्यांचा वेळ वाढवायचा, असा हा प्रकार. बेस्टकडे २०१०च्या सुमारास चार हजारांहून अधिक बस होत्या, आता तीन हजारांहून कमी आहेत. त्याला कारणं अनेक, सगळं खापर रस्त्यांवर फोडता येणार नाही. पण ज्या काळात उड्डाणपुलांवर सढळ हाताने खर्च झाला त्याच काळात हे घडलं, एवढं नोंदवून ठेवावं.

हा सिद्धांत पडताळायला मुंबईकराला प्रयोगशाळा लागत नाही. लोकल बंद पडते त्या दिवशी रस्त्यांचं काय होतं, ते आठवा.

पुण्याचं दुखणं वेगळं आहे. लोकलसारखी स्वतःच्या वाटेने जाणारी व्यवस्था शहराच्या आत फार उशिरा आली. मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि स्वारगेटपर्यंत ती सप्टेंबर २०२४ मध्ये पोचली. तोवर भिस्त होती पीएमपीच्या बसवर, आणि बस त्याच कोंडीत अडकते ज्यात गाडी अडकते. मग गाडीच्या वेगाला तळ कुठला राहणार? दोन्ही एकत्रच बुडतात. अशा वेळी माणूस बारीक अंगाचं वाहन शोधतो, आणि सायकलींचं म्हणून ओळखलं जाणारं शहर दुचाकींचं झालं ते याच तर्काने. बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा विचार पुण्याने वेळेवर केला होता. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी ती एक. पण मार्गिका सलग राहिली नाही, तिच्यात दुचाक्या घुसत राहिल्या. तुकड्यातुकड्यांची बीआरटी म्हणजे बीआरटी नव्हेच, असं माझं मत आहे.

मेट्रो आली की रस्ते मोकळे होतील, ही जाहिरात मात्र गंभीरपणे घेऊ नये. अर्थतज्ज्ञ जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकेतल्या महानगरांचा अभ्यास करून २०११ मध्ये दाखवलं की महामार्गांची लांबी जितके टक्के वाढते, जवळपास तितकेच टक्के वाहनांचं एकूण धावणं वाढतं. त्याच अभ्यासात सार्वजनिक वाहतूक वाढवूनही गाड्यांचं धावणं घटलेलं दिसलं नाही. मोकळी झालेली जागा दुसरं कोणीतरी भरतं. मेट्रोचा फायदा मेट्रोत बसणाऱ्याला होतो, आणि तेवढा पुरेसा आहे. विद्युत गाड्यांनी धूर जाईल, ८६ चौरस मीटर जाणार नाहीत.

आपली मोजपट्टीही तपासायला हवी. रस्त्यांचं नियोजन करताना अभियंते वाहनं मोजतात ती ‘पीसीयू’ या एककात, म्हणजे एका कारच्या तुलनेत कोणतं वाहन किती जागा अडवतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकांत दुचाकी अर्ध्या कारएवढी भरते, बस दोन-तीन कारएवढी. या वहीत बस अडथळा ठरते. आत पन्नास माणसं आहेत की एक, याला वहीत रकानाच नाही.

गाडीशिवाय राहणं सोपं आहे, असा दावा मी करणार नाही. पाश्चात्त्य शहरांत तो विचारपूर्वक केलेला निर्णय असतो. आपल्याकडे तो बहुसंख्यांचा नाइलाज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कार असलेली कुटुंबं शंभरात साधारण आठ निघाली. उरलेल्या ब्याण्णवांच्या वाट्याला पार्किंगने गिळलेला पदपथ येतो, रात्री साडेदहानंतर न येणारी बस येते. मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, रूळ ओलांडताना आणि दारातून पडून. गुडघे दुखणाऱ्या आजीला दादरच्या पुलाचे जिने चढायला लावून तिला भूमिती ऐकवणं हा निर्लज्जपणा होईल.

काही शहरांनी जागेची किंमत गाडीवाल्याकडूनच घेतली. स्टॉकहोमने जानेवारी २००६ पासून सात महिने, शहरात शिरताना-निघताना शुल्क घेऊन पाहिलं. वाहनं सुमारे वीस टक्क्यांनीच घटली, पण रांगेत जाणारा वेळ त्याहून बराच जास्त घटला. रस्ता काठोकाठ भरलेला असतो तेव्हा शेवटच्या थोड्या गाड्याच सगळ्यांना रोखून धरतात. आधी नागरिकांचा विरोध होता. अनुभव घेतल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांनीच बाजूने मत दिलं, आणि २००७ मध्ये शुल्क कायम झालं. मुंबईत असं काही करायचं तर गाडी सोडणाऱ्याने बसायचं कुठे, हा प्रश्न आधी सुटायला हवा.

त्याचं एक उत्तर पश्चिम रेल्वेवर रोज धावतं आहे. काही जलद गाड्या बाराऐवजी पंधरा डब्यांच्या असतात. रूळ तोच, सिग्नल तोच, मोटरमन एकच, आणि माणसं सव्वापट. करावं लागतं ते मुख्यतः फलाट लांब करण्याचं काम. वरच्याच हिशेबाने, तासाच्या सगळ्या गाड्या पंधरा डब्यांच्या झाल्या तर एका रुळावरून ११ हजार माणसं जास्त जातात. तेवढ्यांना कारने न्यायला सिग्नलवाल्या रस्त्याच्या दहा मार्गिका लागतील, एका दिशेला.